बारा व्होल्टचा इतिहास

आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यातला पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. २०२० साली आलेल्या अँटमायनर एस१९ प्रो या बिटकॉइन काढणाऱ्या, म्हणजे मायनिंगच्या, एका यंत्राला ३,२५० वॅट लागतात, आणि तेही अहोरात्र. या दोन आकड्यांच्या मधे जे काही घडलं, त्याचा बराचसा भाग माझ्या टेबलावरून गेला आहे. ग्रँट रोड स्टेशनपासून जवळ, लॅमिंग्टन रोडच्या एका पोटमाळ्यावर बसून मी एसएमपीएस दुरुस्त करते. सुरुवात टीव्हीच्या सप्लायपासून झाली, मग कॉम्प्युटरचे आले, मग मायनिंगचे.

मायनिंगचा इतिहास सांगणारे लोक भावाचे आलेख दाखवतात, चिपचे नॅनोमीटर सांगतात. पॉवर सप्लायचं नाव त्यात क्वचितच येतं. मला मात्र वाटतं, की हा धंदा कुठल्या वर्षी कुणाच्या घरात होता, कुठल्या नदीकाठी होता, त्याला किती घाई होती, हे जळलेल्या सप्लायइतकं नेमकं दुसरं कशावरूनच कळत नाही. काय जळलं, विजेच्या बाजूला जळलं की बारा व्होल्टच्या बाजूला, आणि किती तास चालून जळलं, एवढं बघितलं तरी त्या यंत्राचा काळ ओळखता येतो.

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला ते साध्या प्रोसेसरवर निघायचं आणि घरातल्या कॉम्प्युटरला त्याचा विशेष ताण पडत नसे. २०१० मध्ये हेच काम ग्राफिक्स कार्डावर कितीतरी पट वेगाने होतं हे लोकांच्या लक्षात आलं. दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेणारा फ्लोरिडाचा लास्लो हान्येच हा कार्डावर मायनिंग करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक. सप्लायचे हाल इथून सुरू झाले. तेव्हाचं नावाजलेलं कार्ड एटीआयचं रेडिऑन एचडी ५८७०, त्याची भूक १८८ वॅटची. अशी चार कार्डं एका मदरबोर्डावर लावली की नुसत्या कार्डांचेच साडेसातशे वॅट होतात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये तेव्हा चारशे-पाचशे वॅटचा सप्लाय म्हणजे चैन होती.

मग लोकांनी एका यंत्राला दोन सप्लाय जोडायला सुरुवात केली. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरीशी जोडली, की मदरबोर्ड नसतानाही सप्लाय चालू होतो. एसएमपीएस तपासणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती मायनिंगच्या आधीपासून ठाऊक आहे. कागदाला लावायची टाचणी पुरते. पण ती युक्ती तपासण्यापुरती आहे. दुसरा सप्लाय कायमचा असा चालवला आणि पहिला काही कारणाने बंद पडला, तर दुसऱ्याचा करंट कार्डातून उलटा मदरबोर्डात शिरतो. त्या काळातल्या जळलेल्या बोर्डांमध्ये हा प्रकार दिसतो, आणि दोष मात्र सप्लायच्या नावावर लिहिला जातो.

याहून मोठी अडचण वॅटची नव्हती, तासांची होती. सप्लायमध्ये जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात (आमच्याकडचे जुने कारागीर अजून कंडेन्सरच म्हणतात) त्यांच्या पोटात द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. अंगावर १०५ अंश आणि २,००० तास असं लिहिलेला कपॅसिटर खरोखर १०५ अंशांवर सतत ठेवला, तर त्याचं वचन ८३ दिवसांत संपतं. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून ६५ अंशांवर तोच कपॅसिटर साडेतीन वर्षांच्या वर जातो. घरचा कॉम्प्युटर रोज चार तास चालतो. मायनिंगचा चोवीस तास चालतो, म्हणजे त्याचं एक वर्ष घरच्या सहा वर्षांच्या बरोबरीचं. त्यात खोली बंद आणि पंख्यासमोर दुसऱ्या कार्डाची गरम हवा. सप्लाय बनवणाऱ्याने असा वापर कधी मनातही आणला नव्हता.

माझी नजर तयार झाली ती याच्याही आधी, २००० नंतरच्या त्या सात-आठ वर्षांत. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या कपॅसिटरांमधला द्रव सदोष निघाला होता आणि जगभरचे मदरबोर्ड, सप्लाय वेळेच्या आधीच मरत होते. कपॅसिटरच्या डोक्यावरची फुली फुगून वर आलेली, खाली तपकिरी डाग, आणि झाकण उघडताच येणारा मासळीसारखा वास. माझे उस्ताद मीटर हातात घेण्याआधी सप्लाय नाकाजवळ न्यायचे. ट्रान्सफॉर्मरचं वॉर्निश जळलं की वास वेगळा, कपॅसिटर फुटला की वेगळा, प्लॅस्टिकचा कनेक्टर वितळला की आणखी वेगळा. मायनिंगचे सप्लाय आले तेव्हा हे शिक्षण पहिल्या दिवसापासून कामाला आलं.

जानेवारी २०१३ मध्ये चीनमधून ॲव्हलॉनची पहिली यंत्रं बाहेर पडली. बिटकॉइनचं गणित सोडवणं एवढंच येणारी चिप त्यांच्यात होती. त्याच वर्षी जिहान वू आणि मायक्री झान यांनी बिटमेन काढली आणि वर्षअखेर अँटमायनर एस१ आणलं. साडेतीनशेच्या आसपास वॅट घेणाऱ्या या यंत्राबरोबर सप्लाय मिळत नसे, तो ज्याचा त्याने शोधायचा. म्हणून गेमिंगसाठी बनवलेले मोठे सप्लाय लोकांनी त्याला जोडले. काहींनी आणखी शहाणा मार्ग काढला. मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले एचपीचे सर्व्हर सप्लाय, १,२०० वॅटचे, भंगाराच्या भावात मिळत होते. त्यांच्यातून फक्त बारा व्होल्ट निघतात आणि मायनिंगला नेमके तेवढेच हवे असतात. शिवाय ते मुळातच चोवीस तासांच्या नोकरीसाठी बनवलेले. पण त्यांना नेहमीच्या वायरी नसतात, मागे नुसती सपाट पट्टी असते. म्हणून त्या पट्टीवर बसणारा, सहा-पिनी वायरी काढून देणारा छोटा बोर्ड बाजारात आला. मायनिंगच्या सगळ्या जुगाडांमध्ये मला हा सर्वांत मनापासून आवडतो, कारण यात कुणी कुणावर जुलूम केलेला नाही. वस्तू ज्या कामाची होती त्याच कामाला लागली. फक्त अमेरिकेत तिची पाव ताकद वाया जायची. हाच सप्लाय २३० व्होल्टवर १,२०० वॅट देतो आणि ११५ व्होल्टवर ९०० वॅटच.

व्होल्टेजचा हा फरक इतिहासात पुढेही नडला. २०१६ साली अँटमायनर एस९ आलं आणि त्यानंतरची काही वर्षं त्याचीच होती. तीन बोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप, एकूण १८९. वीज तेराशे वॅटच्या आसपास. त्यासाठी बिटमेनने एपीडब्ल्यू३ हा सप्लाय दिला, २२० व्होल्टवर १,६०० वॅटचा, ११० व्होल्टवर १,२०० चा. अमेरिकेतल्या साध्या प्लगवर एस९ पूर्ण चालतच नाही. तिथल्या घरमालकांनी कपडे वाळवायच्या यंत्राचं २४० व्होल्टचं कनेक्शन काढून त्याला दिलं. आपल्याकडे पंधरा अँपिअरचा पॉवर सॉकेट असला की काम झालं. आपल्याकडे आडवं आलं ते बिल. तेराशे वॅट चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ९३६ युनिट. महावितरणचा घरगुती दर पाचशे युनिटांच्या वर गेला की सर्वांत महाग टप्प्यात पडतो. एस९ घेऊन आलेली माणसं मी पाहिली, पण ती दोन-तीन बिलांनंतर यंत्र विकायला निघायची.

एस९ चा सप्लाय मी मन लावून समजून घेतला, कारण त्यात या धंद्याचं सगळं दुखणं आहे. तेराशे वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे एकशेदहाच्या आसपास अँपिअर. वेल्डिंगच्या मशीनला शोभेल असा हा करंट सहा-पिनी दहा कनेक्टरांमधून वाटून जातो. प्रत्येक बोर्डाला तीन आणि दहावा कंट्रोल बोर्डाला. एका कनेक्टरमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, म्हणून एकेकीच्या वाट्याला सुमारे चार अँपिअर. त्यातली एक पिन सैल झाली की उरलेल्या दोघींवर सहा-सहा. त्या तापतात, तापल्या की त्यांचा स्प्रिंग मऊ पडतो, मऊ पडला की पकड सुटते, पकड सुटली की आणखी तापतात. शेवटी पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होतं. ग्राहक म्हणतो सप्लाय गेला. सप्लाय धडधाकट असतो, गेलेली असते ती वीस पैशांची पिन.

म्हणून असा सप्लाय आला की तो आधी उघडायचा नाही. हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना ओरडून सांगते. आधी भिंत बघायची. सॉकेटवर यंत्र चालू असताना किती व्होल्ट मिळतात? नुसतं मोजलं तर २३० दिसतात, लोड पडला की लांबलचक एक्स्टेंशनवर व्होल्टेज बसतं. तेवढेच वॅट द्यायला सप्लायला मग जास्त करंट ओढावा लागतो आणि तो विजेच्या बाजूने तापतो. प्लगची पितळी पिन काळी पडली आहे का, अर्थिंग आहे का, एमसीबी हाताला गरम लागतो का, हे पाहून मगच पुढे जायचं. नंतर दहाही कनेक्टर काढून सप्लाय मोकळा चालवायचा. बारा व्होल्ट आले तर एक बोर्ड जोडायचा, मग दुसरा, मग तिसरा. ज्या बोर्डावर सप्लाय उचक्या द्यायला लागतो, म्हणजे चालू होतो आणि क्षणात बंद पडतो, तो बोर्ड शॉर्ट आहे. सप्लाय स्वतःला वाचवतो आहे, आणि त्यालाच लोक मेलेला समजून फेकतात.

मोकळा ठेवूनही काही येत नसेल तर उघडायचा, आणि उघडल्यावर हात लावायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर चारशेच्या घरात व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. बल्बने ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची. मग फ्यूज. काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट झाला असेल तर पुढे काहीतरी पूर्ण शॉर्ट आहे, ब्रिज किंवा मॉसफेट. तार शांतपणे तुटलेली असेल तर कदाचित नुसतं म्हातारपण. नवा फ्यूज टाकून थेट वीज देणारा माणूस दुसरा फ्यूज आणि आणखी दोन पार्ट घालवतो. त्याऐवजी सिरीज बल्ब लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर रस्ता मोकळा आहे. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. ऑसिलोस्कोप आला, थर्मल कॅमेरा आला, तरी या बल्बची जागा कुणी घेतलेली नाही.

सुरुवातीच्या झटक्याला आवर घालणारा थर्मिस्टर आणि त्याच्या शेजारचा रिले, या जोडीकडे मी नेहमी आधी बघते. यंत्र चालू होताना करंट थर्मिस्टरमधून जातो, मग रिले टक करून त्याला बाजूला काढतो. रिलेचा काँटॅक्ट काळा पडला की सगळा करंट थर्मिस्टरमधूनच जात राहतो. तो काही मिनिटांच्या कामासाठीही बनवलेला नसतो. त्याच्याखालचा बोर्ड कोळशासारखा होतो. जो सप्लाय वर्षानुवर्षं न थांबता चालला त्याचा रिले निर्दोष सापडतो. ज्याला दिवसातून अनेकदा चालू-बंद केलं त्याचा बिघडतो. पुढे अमेरिकेतल्या टेक्ससची गोष्ट आली की हे पुन्हा सांगायचं आहे.

२०१७ हे वर्ष आमच्या गल्लीला कायमचं लक्षात आहे. इथेरियम हे बिटकॉइनसारखं दुसरं चलन कार्डांवर निघत होतं, आणि अख्ख्या लॅमिंग्टन रोडवर मधल्या किमतीचं कार्ड मिळेनासं झालं होतं. एका बोर्डावर सहा कार्डं बसत नाहीत, म्हणून लोकांनी रायझर लावले, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब ठेवायची जोडणी. रायझरला स्वतंत्र वीज लागते आणि ती द्यायला पाकिटातच एक वायर यायची, एका टोकाला साटा कनेक्टर असलेली. हार्डडिस्कचा तो कनेक्टर. त्यात बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, सगळे मिळून ५४ वॅट. कार्डाला मात्र स्लॉटमधून बारा व्होल्टवर ६६ वॅटपर्यंत ओढायची परवानगी आहे. हिशेब कागदावर चौथीतला मुलगा करेल. तरी ती वायर लाखोंनी विकली गेली आणि जगभर वितळली, काही घरांत पेटली. माझ्याकडे आलेल्या सप्लायांच्या साटा वायरी पिवळ्या तारेच्या बाजूनेच काळ्या झालेल्या असायच्या. वितळलेला साटा दिसला की समजायचं, हे यंत्र २०१७ किंवा २०२१ च्या तेजीतलं आणि घरातल्या बेडरूममधलं. याबद्दल मला अजून राग आहे. यात अज्ञान वापरणाऱ्याचं होतं, पण वायर पाकिटात घालणाऱ्याला आकडे माहीत होते.

त्याच काळात चीनमध्ये हा धंदा कारखान्याएवढा झाला होता. इनर मंगोलियातल्या ऑर्डोसच्या शेडमध्ये २०१७ साली सुमारे २५,००० यंत्रं होती, आणि ती कोळशाच्या विजेवर चालत. सिचुआनमध्ये पावसाळ्यात धरणं भरली की वीज स्वस्त व्हायची, तेव्हा यंत्रं ट्रकमध्ये घालून तिकडे न्यायची आणि पाणी ओसरलं की उत्तरेला परत. यंत्रांची ही वारी दरवर्षी व्हायची. सप्लायच्या दृष्टीने याच्याइतकं वाईट काही नाही. कोरडी धूळ एकटी फारशी घातक नसते. ती पंख्यातून आत जाऊन चारशे व्होल्टच्या पायांमध्ये बसते आणि पुढे दमट हवा मिळाली की तिचा वीज वाहणारा थर होतो. मुंबईत जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमच्याकडे सप्लायांची रांग लागते ती याच कारणाने. सिचुआनच्या डोंगरांत काय होत असेल ते समजायला मला तिथे जावं लागलं नाही.

केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये जगातल्या बिटकॉइन मायनिंगचा तीन-चतुर्थांश हिस्सा चीनमध्ये होता. मे २०२१ मध्ये चीन सरकारने कठोर भूमिका घेतली, जूनमध्ये सिचुआनने २६ केंद्रं बंद करायचा हुकूम काढला, आणि यंत्रं कंटेनरमध्ये बसून निघाली. काही कझाकस्तानात गेली. तिथल्या ग्रिडला हे ओझं पेलवलं नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये मायनरांची वीज तोडली गेली. बरीच अमेरिकेत गेली, विशेषतः टेक्ससला. काही जागा लक्षात घेण्यासारख्या आहेत: टेक्ससचं रॉकडेल, न्यूयॉर्क राज्यातलं मॅसेना. दोन्हीकडे अल्कोआचे ॲल्युमिनियमचे कारखाने होते. ते बंद पडले, त्यांच्यासाठी टाकलेल्या मोठ्या वीजवाहिन्या उरल्या, आणि त्या वाहिन्यांच्या टोकाला ही यंत्रं येऊन बसली.

टेक्ससमध्ये एक नवी सवय लागली. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू झाले, ग्रिडवर ताण आला, की मायनर यंत्रं बंद करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात. जुलै २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत त्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. ग्रिडच्या बाजूने हे योग्यच आहे. पण प्रत्येक वेळी गरम सप्लाय थंड होतो, पुन्हा तापतो, सोल्डरचे जोड प्रसरण-आकुंचनाने तडकतात, आणि रिलेचे काँटॅक्ट प्रत्येक चालू होण्याला थोडे झिजतात. चोवीस तास चालण्यासाठी बांधलेल्या वस्तूला थांबण्याचाच त्रास होऊ लागला.

आता एस१९ सारख्या यंत्रांत वायरी उरलेल्या नाहीत. सप्लाय यंत्राच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि तांब्याच्या पट्ट्यांनी बोर्डांना जोडलेला. दोनशेच्या वर अँपिअरना दुसरा इलाज नाही. एपीडब्ल्यू१२ हा त्याचा सप्लाय १२ ते १५ व्होल्टमधलं हवं ते व्होल्टेज देतो आणि किती द्यायचं ते कंट्रोल बोर्ड त्याला सांगतो. हिरवी-काळी वायर जोडून तो चालवून बघता येत नाही, त्याच्याशी बोलणारं वेगळं टेस्टर लागतं. पट्ट्यांचे स्क्रू नीट आवळलेले नसले तर तिथेही तेच होतं जे एस९ च्या पिनेत व्हायचं.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच बंद केलं. त्यानंतर कार्डांबरोबर हजार-बाराशे वॅटचे सप्लाय आमच्या बाजारात पोत्यांनी आले, आणि ते अजून फिरत आहेत. कॉलेजची मुलं स्वस्त म्हणून घेतात. माझ्याकडे तपासायला आणले तर मी त्यांना गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे बारा व्होल्टचे बल्ब लावते, एकावर एक वाढवत दहापर्यंत, आणि अर्धा तास जळू देते. व्होल्टेज ११.८ च्या खाली गेलं की सप्लाय परत. टिकला तर उघडून मोठे कपॅसिटर मीटरवर मोजते, पंखा बदलते, झाकणाच्या आत महिना आणि वर्ष मार्करने लिहिते. रायझरच्या साटा वायरी सोबत आल्या असतील तर त्या गिऱ्हाइकासमोर कापते.